बोटीच्या सिनेमाला आलेला फौजी

लढाई संपली त्या वर्षी मी नगरच्या एका थेटरात तिकिटं फाडायचो. भर समुद्रातल्या बोटीवरचा भुताचा सिनेमा लागला होता. दुपारच्या खेळाला विटका लष्करी कोट घातलेला एकजण आला. गुडघ्यांवर सारखे तळवे घासत तो बसला होता. पडद्यावर बोटीच्या तळाशी कोंडलेले खलाशी दार बडवू लागले, तशी माणसं हसली. तो ताडकन उठला.

"आमची बोट फुटली तवा पानी वर येऊ नये म्हून सायबानं तळाचं दार वरनं लावलं. आत माझ्या गावची पोरं हुती. अशीच बडवत हुती. आन् तुमी हसताय?"

मालकानं मला खूण केली. मी त्याला दंड धरून बाहेर काढलं. हसणाऱ्या एकालाही उठवलं नाही. माझी मलाच अजून चीड येते.