चिमणीचा दगड

मनकर्णाबाई बेलसरे लग्न होऊन आल्या त्या थेट कबरस्तानात. माहेर नांदगाव खंडेश्वरचं. तिथल्या बायका त्यांच्या आईला बरेच दिवस टोचून बोलत, "पोरगी मसनात देल्ली वो तुनं!" आई बिचारी सांगायची, "मसन नाई, बगीचा हाय."

दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. अमरावतीच्या कॅम्प भागात उंच भिंतीआड ही जागा आहे. दीडशे वर्षांपूर्वी रेल्वेच्या नि कापसाच्या कामाला इकडे आलेले इंग्रज, त्यांच्या बायका, त्यांची लेकरं इथे पुरली आहेत. ज्यानं कुणी ही जागा आखली त्यानं ती बागेसारखीच आखली. वाटा वळणाच्या, दोन्ही बाजूंना निंब आणि बकुळ, मधोमध विहीर. गाव तिला 'गोऱ्यांची बाग' म्हणतं. बेलसरे माळ्यांचं घर पाच पिढ्यांपासून फाटकाजवळच्या दोन खोल्यांत राहून ही बाग राखतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूनं नव्या सुनेला हळदीच्या अंगानं बागेत फिरवलं आणि पाहुण्यांची ओळख करून द्यावी तशी कबरींची ओळख करून दिली. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, तेव्हा नावं झाडांवरून नि जागेवरून पडलेली. बकुळीखालची मडम. विहिरीजवळचा डॉक्टर. तगरीखालचा साहेब. आणि त्याच्या शेजारी, मोगऱ्याखाली, चार वर्षांची लेक. तिच्या दगडावर पंख मिटलेली एक चिमणी कोरलेली.

"हिची माय परत तिच्या देशी गेली तवा आपल्या घरच्या बाईच्या पाया पडली होती म्हनते," सासू म्हणाली. "म्हने, माह्या पोरीजवळ मोगरा ठेवजो. तवापासून हे सुनेकडून सुनेकडे. आता तुह्याकडे."

मनकर्णाबाईंनी तेव्हा मान हलवली आणि पुढं पन्नास वर्षं ती गोष्ट पाळली. अक्षय्यतृतीयेला वऱ्हाडात पितरांच्या नावानं पाण्याचा माठ भरून ठेवतात. बेलसऱ्यांकडे तीन भरत. एक घरच्या पितरांचा. एक मोठा विहिरीपाशी, बागेतल्या सगळ्यांचा, कारण त्यांना पाणी द्यायला दुसरं कोण येणार? आणि एक लहानसं मडकं, त्या लेकीचं.

बागेचं काम बघणाऱ्याला दिसत नाही, न केलेलं तेवढं दिसतं. सकाळी सातला फाटक उघडायचं. वाटा झाडायच्या. दगड नुसत्या पाण्यानं नि काथ्यानं पुसायचे, ॲसिड लावलं की अक्षरं जातात. वाळवी पाहायची, पावसाळ्यानंतर गवत काढायचं, शेजारच्या बकऱ्या हाकलायच्या. नवरा खुशालराव चुन्याचं काम करी. दगडाच्या सांध्यात चुना भरला की शेवटी त्यावर अंगठा दाबून पाही, आणि तो ठसा तसाच सुकू देई. बागेत कुठेही अंगठा दिसला की काम त्यांचं. मनकर्णाबाई भिंतीलगतच्या तुकड्यात झेंडू-शेवंती लावून बाजारात विकत, पण कबरीवरचं फूल कधी बाजारात गेलं नाही. ते बागेतलं, बागेतच.

"मले काय कमी केलं या बागेनं?" त्या म्हणायच्या. "विहिरीचं पानी देल्लं, सावली देल्ली, दोन लेकरं शिकवली. माहेरच्या बंगल्यातल्या बाया घामानं भिजून राह्यल्या, अन् मी निंबाखाली."

खुशालराव दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगा ओमप्रकाश नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात पाळीवर जातो आणि उरलेल्या वेळात बाग बघतो. यंदा बाग जतन करणाऱ्या समितीनं दोन गोष्टी ठरवल्या. प्रत्येक कबरीपाशी नाव आणि साल लिहिलेली मराठी पाटी लावायची. आणि फाटकाच्या खांबावर एक संगमरवरी पाटी बसवायची: 'खुशालराव बेलसरे यांनी चाळीस वर्षे ही बाग राखली.' अक्षय्यतृतीयेचा दिवस ठरला. ओमप्रकाशनं पाव्हण्यांना फोन करून टाकले. सून प्रतीक्षानं सासूसाठी नवं पातळ आणलं.

फक्त मनकर्णाबाईंची झोप उडाली.

समितीचे सचिव कमलाकांत वकील, वय चौऱ्याहत्तर. त्यांची नात अवनी पुण्यात वास्तुकला शिकते. ती वही नि टेप घेऊन रोज सकाळी येऊ लागली. दगड वाचायची आणि कबरीत कोण आहे ते लिहायची.

"आजी, तुम्ही यांना काय म्हणता?" एके दिवशी तिनं विचारलं. ती मोगऱ्यापाशी उभी होती.

मनकर्णाबाईंच्या हातातला झाडू थांबला. "दगडावर काय लिवलं हाय?"

"रेल्वेचे इंजिनिअर होते. सव्वीस वर्षांचे. आणि तगरीपाशी हा चिमणीचा दगड, तो एका छोट्या मुलीचा."

"हौ," मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि नसलेला पाला झाडू लागल्या.

गोष्ट सतरा वर्षांपूर्वीची. मे महिन्यात वादळ झालं आणि पूर्वेकडचा म्हातारा निंब तेवीस कबरींवर आडवा झाला. झाड ओढायला ट्रॅक्टर आला, त्यानं उरलंसुरलं सपाट केलं. मोगरा गेला, तगर गेली, कुठं कोण होतं ते कळेना. समितीतले काही जण म्हणाले, हे माळ्याचं काम नाही, ठेकेदार आणू. खुशालराव म्हणाले, पंधरा दिवस द्या. बाराव्या दिवशी तेवीसही दगड उभे होते. त्या वेळच्या अध्यक्षांनी सगळ्यांसमोर त्यांना शाल दिली. मनकर्णाबाईंनी भाजीबाजारात ओळखीच्या दर माणसाला थांबवून सांगितलं, "माह्या मानसानं आंधळ्यावानी ओळखले दगड!"

आणि पावसाळ्यात जमिनीतून मोगरा फुटला. साहेबाच्या दगडापाशी. तगर फुटली ती चिमणीच्या दगडापाशी.

झाडांना दगड वाचता येत नाहीत. मुळं जिथे होती तिथे ती उगवली. दोन दगडांची अदलाबदल झाली होती. मनकर्णाबाईंनी ते पाहिलं आणि ओठ मिटले. शाल अजून खुंटीवर होती. नवऱ्याला सांगायचं कसं? आज सांगू, उद्या सांगू करत सतरा वर्षं गेली आणि माणूसही गेला.

आता पाट्या लागल्या की चूक कायमची होणार. सांगावं तर नवऱ्याच्या नावाच्या पाटीचं काय? ज्यानं दगड चुकवले त्याचं नाव फाटकावर कोण लावील?

त्यांनी आधी मुलाला सांगितलं. ओमप्रकाश जेवता जेवता थांबला. "माय, आता काहून उकरून राह्यली व हे? कोनाले माहीत हाय?"

"मले."

"बाबाची इज्जत जाईन. बारा पाव्हने येऊन राह्यले."

"अन् त्या पोरीची माय पाया पडली होती, तिचं काय?"

"ते दीडशे वर्षांपैलेची गोठ हाय!"

"मंग काय झालं? शब्द वाळवी खाते का?"

प्रतीक्षा तव्यावरची भाकरी उलथत म्हणाली, "माय, उद्या ते माह्याकडे येनार ना, सुनेकडून सुनेकडे? मले खोट्या दगडापाशी मडकं ठेवाले नोका लावू." ओमप्रकाशनं बायकोकडे रागानं पाहिलं, आणि ताट पुढं ओढलं.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब आले तेव्हा मनकर्णाबाईंनी पदर नीट केला आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. "माह्या मालकाची चूक झाली. मी झाकली. फाटकावर त्याहीचं नाव नोका लावू. पन पोरीचा दगड पोरीले द्या."

कमलाकांत वकिलांनी चष्मा काढून पुसला. जन्मभर साक्षी तपासलेला माणूस. "मनकर्णाबाई, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण समितीत मला विचारतील, पुरावा काय? मोगरा तर कुणीही लावतं."

"आबा, कबरीभोवती दगडी चौकट असते ना," अवनी म्हणाली. "ट्रॅक्टरनं ती मातीत गेली असेल. लहान मुलीची चौकट लहान असणार. वरची माती वीतभर बाजूला केली तरी कळेल. कबरीला धक्काही लागणार नाही."

खुरपं ओमप्रकाशनंच घेतलं. दुसऱ्या कुणाला त्यानं हात लावू दिला नाही. तगरीपाशी आधी चौकट लागली, ती सहा फुटांहून लांब. चिमणीच्या दगडामागे एवढी लांब कबर! मग तो मोगऱ्याकडे सरकला. मुळं सांभाळत, अर्धा तास. काळ्या मातीतून दगडाची एक कड वर आली, लगेच तिचा कोपरा, लगेच दुसरा. अवनीनं टेप धरला. जेमतेम साडेतीन फूट.

मनकर्णाबाईंनी हात जोडले.

"माय," ओमप्रकाशचा आवाज बदलला होता. "इकडे पाह्य बरं."

चौकटीचा एक कोपरा ट्रॅक्टरखाली फुटलेला दिसत होता आणि कुणीतरी तो जोडलेला होता. पांढरा चुना, घट्ट भरलेला. त्याच्या मधोमध, स्पष्ट, एक अंगठा.

मनकर्णाबाई खाली बसल्या. त्या ठशावर त्यांनी आपलं बोट ठेवलं, अंगणात झोपलेल्या माणसाला हळूच उठवावं तसं.

म्हणजे त्यांनाही माहीत होतं! मोगरा फुटल्यावर त्यांनीही पाहिलं होतं. गुपचूप माती काढून, चौकट शोधून, फुटका कोपरा जोडून, पुन्हा झाकून ठेवली होती. मनकर्णाबाईंना एकदम आठवलं. वादळानंतरच्या वर्षापासून लहान मडकं खुशालराव स्वतःच न्यायचे. "तू मोठा माठ भर, हे मी नेतो." आणि ठेवायचे ते चिमणीच्या दगडाशी नव्हे, मोगऱ्याच्या बुडाशी. मनकर्णाबाईंना वाटायचं, सावलीत पाणी गार राहावं म्हणून ठेवत असतील.

"मले काहून नाई सांगतलं मंग?" त्या पुटपुटल्या.

"आजी, तुम्ही त्यांना का नाही सांगितलं?" अवनीनं हळूच विचारलं.

"शालीपायी. अख्ख्या बजारात मीच डंका पिटला होता ना माय." आणि पदरानं डोळे पुसता पुसता त्या हसल्या. "मी त्याहीची इज्जत राखून राह्यली, ते माही राखून राह्यले. अन् दोघं एकाच ताटात जेवून राह्यलो!"

वकीलसाहेब हातातल्या काठीकडे पाहत होते. "बाई, तेवीस दगड. अक्षर न वाचता. त्यांतले दोन चुकले. माझ्या वकिलीत याहून जास्त चुकलं आहे, आणि तरी माझ्या दारावर पाटी आहे. खुशालरावांची पाटी लागेल. समितीत मी बोलतो."

"पन आधी दगड."

"आधी दगड," ते म्हणाले.

समितीत कुणीतरी कुरकुर केली म्हणतात, पण वकीलसाहेबांनी अवनीनं काढलेला त्या अंगठ्याचा फोटो टेबलावर ठेवला आणि विषय संपला. अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी ओमप्रकाशनं कारखान्यातले दोन मित्र आणले आणि दोन्ही दगड हलवले. चुना त्यानंच भरला. शेवटी अंगठा दाबायला गेला आणि थांबला. "माय, तू दाब."

"मी काहून? तू केलं काम."

"दाब ना व."

त्यांनी दाबला.

अक्षय्यतृतीयेला दहा वाजता फाटकावरची पाटी उघडली. बारा पाव्हण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि नांदगाव खंडेश्वरच्या एका म्हाताऱ्या मावशीनं मोठ्यानं सांगितलं, "मी पैलेच म्हनली होती, पोरगी बगीच्यात देल्ली म्हनून!" मनकर्णाबाईंनी तिला तो मान घेऊ दिला.

त्याआधी, सकाळी सातलाच, त्यांनी माठ भरले होते. लहान मडकं प्रतीक्षाच्या हातात दिलं. तिनं ते मोगऱ्याखाली ठेवलं, चिमणीसमोर. मोगरा बहरात होता. कालच बसवलेल्या दगडावर रात्रीतून पाच-सहा फुलं आपोआप पडलेली होती.

मनकर्णाबाईंनी ओंजळभर मोगरा तोडला आणि दोन पावलं पलीकडे, तगरीखालच्या साहेबाकडे गेल्या. त्याच्या दगडावर फुलं ठेवली.

"सतरा वर्षं परक्या पोरीच्या उशाशी तुमचाच दगड उभा होता बाप्पा," त्या म्हणाल्या. "लय सांभाळलं तुमी."

मग विहिरीकडे वळल्या. झेंडूला पाणी द्यायचं राहिलं होतं.