नुकसानीचा रकाना

मी नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, म्हणजे ज्ञानापेक्षा धुळीशी माझा संबंध जास्त. तरीही उदगीरकडच्या एका जुन्या मठाने पोथ्यांची यादी करायला बोलावलं, तेव्हा मी अशा थाटात एसटीत बसले की जणू मठ इतकी वर्षं माझ्यासाठीच थांबला होता.

मठाचा ग्रंथसंग्रह म्हणजे सभामंडपामागची एक खोली, चार लाकडी कपाटं आणि एक मामा. मामा म्हणजे पोथ्या सांभाळणारे गृहस्थ. वय सत्तरीपार, कपाळावर विभूती, कमरेला किल्ली. गावातले सगळेच त्यांना मामा म्हणत, मीही म्हणू लागले. कपाटांत कानडी ताडपत्रं होती, मराठी पोथ्या होत्या, मोडी कागद होते, निजामाच्या काळचे उर्दू दाखले होते. सगळ्यात जास्त हाताळलेली मात्र म्हशीच्या पोटफुगीवर उपाय सांगणारी एक वही होती. रझाकारांच्या वेळी हे सगळं म्हणे ज्वारीच्या कणगीत लपवलं होतं. आमच्याकडच्या प्रत्येक जुन्या कागदाला ही कणगी एकदा तरी लागतेच, म्हणून मी नुसती मान हलवली आणि लिहून घेतलं नाही. पुढे एका पोथीतून ज्वारीचा दाणा पडला. मामांनी तो उचलून माझ्या वहीवर ठेवला.

पोथ्या ज्या बासनांत बांधलेल्या होत्या, ती बघून मात्र माझं डोकं फिरलं. कुठे इरकल लुगड्याचा तुकडा, कुठे फेट्याचं टोक, कुठे फुलाफुलांची चादर. सगळ्यांना तेल, विभूती, कसर. मी नाक मुरडलं आणि मठाच्या सचिवांना सांगून पांढऱ्या मांजरपाटाची एकसारखी बासनं शिवून घेतली. जुनी काढून धुवायला टाकली.

"असू द्या की ती, बाई," मामा दारातून म्हणाले.

मी त्यांना बुरशीवर दहा मिनिटं व्याख्यान दिलं.

"लई शिकल्या तुम्ही," ते म्हणाले. मला ते कौतुक वाटलं.

मग एकेक पोथी उलगडून मी यादी केली. क्रमांक, भाषा, विषय, पानं, आणि शेवटचा रकाना नुकसानीचा. कपाटं दवाखान्यातल्या खाटांसारखी पांढरीशुभ्र दिसायला लागली आणि मी त्यांचे मोबाइलवर फोटोही काढले.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारच्या आदल्या दुपारी मामा माझ्यासमोर येऊन बसले. इथली प्रत्येक पोथी कुठल्या ना कुठल्या घराने मठाला दिलेली, आणि तिचं बासनही त्याच घरातून यायचं. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी घरची माणसं येतात, मामा ज्याची त्याला पोथी काढून देतात, ती कपाळाला लावून माणसं परत जातात. हे मला मामांनी तेव्हा सांगितलं. मी आधी विचारलंच नव्हतं.

"मग यादी आहे ना," मी म्हणाले.

"मला वाचता येत न्हाई, बाई. म्या बासनावरून घर वळखतो. पन्नास वर्षं झाली, एकदाबी चुकलो न्हाई. उद्या एकाची पोथी दुसऱ्याच्या हातात गेली तर मान वर करून बसायचा न्हाई मी इथं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझ्या यादीत सगळं होतं, पोथी कुणाच्या घरची तेवढं नव्हतं. मला फार लाज वाटली. काहीतरी करायचं म्हणून मी यादी मोठ्याने वाचायला घेतली. क्रमांक, भाषा, विषय. मामा जमिनीकडे बघत बसले होते. वाचता वाचता शेवटचा रकानाही वाचला गेला: डाव्या कडेला हिरवा डाग.

मामांनी मान वर केली. "कसा हिरवा? पोपटी का गर्द?"

मी पोथी उघडून बघितली. पोपटी.

"वरच्या आळीतलं थोरलं घर. सूनबाईनं लुगडं फाडून दिलतं. पहिल्याच पावसाळ्यात रंग सुटला."

संध्याकाळपर्यंत आम्ही तेच करत बसलो. मी नुकसान वाचायची, ते घर सांगायचे. अडलं की दोघं अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेल्या जुन्या कापडांशी डाग ताडून बघायचो. ओळख पटलेल्या प्रत्येक पोथीपुढे मी पेन्सिलने घर लिहीत गेले.

सोमवारी मी क्रमांक बघून पोथी काढायची, कानात घर सांगायची, आणि मामा ती दोन्ही हातांनी द्यायचे. एकही चुकली नाही. फक्त एका आजीने पांढऱ्या गाठोड्याकडे बघून विचारलं, "कोन गेलं हो?" मामांनी माझ्याकडे बोट केलं. "नांदेडच्या बाईंना इचारा."

माणसं गेली. नऊ पोथ्या उरल्या, एकीवरही डाग नव्हता. आठ घरांनी गाव केव्हाच सोडलं होतं, त्यांच्या पोथ्यांना मठच साधं पांढरं कापड बांधायचा.

"आणि नववी?" मी विचारलं.

"आमच्या घरची. माझ्या बाच्या धोतरात बांधलेली."

धोतराचा रंग कुठून सुटणार? मी दोरीवरून ते आणून दिलं, स्वच्छ धुतलेलं. त्याने काय कळणार होतं? मी नऊही पोथ्यांची शेवटची पानं वाचून पाहिली, कुणाचंही नाव नव्हतं. मामांनी नऊही पोथ्या ओळीने मांडायला लावल्या आणि एकेक कपाळाला लावली. "यातलीच एक हाय," म्हणाले आणि कपाट बंद केलं.

नांदेडला येऊन मी यादी पुन्हा लिहिली. शेवटच्या रकान्याचं नाव बदलून 'घर' केलं. त्या नऊ पोथ्यांपुढे मीच लिहिलं होतं, 'नुकसान काही नाही.' ते खोडलं.