ताट धरायला दोन मुली

गेल्या रविवारी बदलापुरात, कुळगावात, माझं डोकं जे फिरलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. म्हणून लिहायला बसले... नाहीतर घरातल्या भांड्यांवर राग निघेल.

आधी माझं काम सांगते, कारण ते आमच्या नातेवाइकांनाही अजून धड कळलेलं नाही. चित्रं, मूर्ती, जुन्या वस्तू नीट पॅक करायच्या, हलवायच्या आणि प्रदर्शनात भिंतीवर नाहीतर स्टँडवर बसवायच्या. लोक विचारतात, म्हणजे हमाली का? हो, हमालीच... फक्त हातातली वस्तू फुटली तर दुसरी मिळत नाही.

कुळगावात एका ट्रस्टनं छोटंसं संग्रहालय काढलंय. ते लावून द्यायचं काम आमच्या कॉन्ट्रॅक्टरकडे होतं. टीममध्ये आम्ही दोघी बायका, मी अंबरनाथची आणि सोनल हेंद्रेपाड्याची. बाकीचे पुरुष, कामाला चांगले, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

सोनल आयटीआय केलेली फिटर आहे. तिथे वांगणीकडच्या एका शेताच्या बांधावरून आणलेली वीरगळ ठेवायची होती, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरलेला दगड. छातीइतका उंच आणि तळाला वेडावाकडा. तो सरळ उभा राहील असा लोखंडी स्टँड सोनलनं स्वतः मापं घेऊन, वेल्डिंग करून बनवला. चेन पुलीवरून दगड खाली घेताना इशारे तीच देत होती आणि आम्ही सगळे तिचं ऐकत होतो.

ट्रस्टला संग्रहालयासाठी एक कायमचा टेक्निशियन हवा होता. उद्घाटनाच्या दिवशी अध्यक्ष स्वतः टीमला भेटून माणूस ठरवणार होते. सोनलला ती नोकरी हवी होती... मूल लहान, घरापासून रिक्षाचं अंतर, आणि कॉन्ट्रॅक्टवर आज काम असतं, उद्या नसतं.

रविवारी सकाळी आम्ही टीमच्या टी-शर्टमध्ये पोचलो. कार्यक्रम बघणारे एक सर होते, त्यांना आपण सावंत म्हणू. ते धावत आले. "मॅडम, तुम्ही दोघी अशाच आलात? मेसेज टाकला होता ना, साड्या नेसून या म्हणून. औक्षणाला दोन मुली लागतायत."

मी चाळिशी ओलांडलेली बाई... पण ताट धरायचं असलं की आपण मुली होतो. मी म्हटलं, आम्ही टीममध्ये आहोत, टीमबरोबर उभ्या राहणार. ते हसले, "अहो, दोन मिनिटांचं काम, तिथे तुम्हीच शोभता" म्हणाले आणि सोनलच्या हातात निरांजनाचं ताट देऊन तिला दारात उभं केलंसुद्धा.

कॉन्ट्रॅक्टरकडे बघितलं तर तो म्हणतो, "जाने दे ना ताई, पार्टी नाराज होईल." पार्टी! आमचे पुरुष आत वीरगळीशेजारी रांगेत, अध्यक्षांना भेटायला तयार. आणि जिनं स्टँड बनवला ती दाराबाहेर, कुंकू आणि अक्षता सांभाळत.

अध्यक्षांनी तिला ताटवाली म्हणून बघितलं असतं आणि पुढे निघून गेले असते. सोनलचा चेहरा उतरला होता, पण ती गप्प होती. वाद घातला की 'हिच्याशी जमायचं नाही' असा शिक्का बसतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं. माझी कानशिलं तापली होती.

सोनलच्या सासूबाई, कुसुमताई, सुनेचं काम बघायला म्हणून मुद्दाम आल्या होत्या. मला जयभीम करून त्यांनी विचारलं, "ही हितं काय करते? दगड तर आत आहे ना?" मी झाला प्रकार सांगितला.

त्या सरळ सोनलकडे गेल्या, तिच्या हातातलं ताट घेतलं आणि सावंतांच्या हातात दिलं. "हे तुम्ही धरा. आमची सून कामाला आलीय. जा गं तू आत." आवाज जरासुद्धा चढवला नाही.

तेवढ्यात अध्यक्षांची गाडी आलीच. निरांजन पेटलेलं, ताट ठेवायला जागा नाही... शेवटी सावंतांनीच ओवाळलं, तेही उलट्या दिशेनं. आत आमच्या पोरांना हसू आवरेना, मलाही नाही.

गंमत एवढीच. आत अध्यक्षांनी स्टँडचं कौतुक केलं, कुणी बनवला ते विचारलं आणि कॉन्ट्रॅक्टरनं सोनलकडे बोट दाखवलं. मग तिच्यासमोर ते त्यालाच विचारतात, "हिला जमेल का? घरचे रोज पाठवतील का?" सोनल म्हणाली, "सर, मला विचारा ना."

परवा सोनलचा फोन आला. नोकरी सोनललाच... पण आधी तीन महिने ट्रायल. तिथे घेतलेल्या इलेक्ट्रिशियनला ट्रायल नाही, हे तिनं विचारून घेतलं. दगड डोळ्यांसमोर उभा आहे, आणखी कसली ट्रायल हवीय यांना?

मी कुसुमताईंना फोन केला. त्या अंबरनाथच्या एका कारखान्यात पॅकिंगला होत्या. म्हणाल्या, दर दसऱ्याला मशीनची पूजा असायची. रांगोळी आणि ताट बायकांकडे, नारळ ऑपरेटर फोडणार... आणि ऑपरेटर म्हणून बाई कधी घेतलीच नाही. "मशीन मला पण चालवता यायचं गं. ताट धरता धरता रिटायर झाले."

कुसुमताई, त्या दिवशी मी नुसती तापत उभी राहिले आणि पुढे झालात तुम्ही. पुढच्या वेळी ताट मी काढून घेईन... हे सगळ्यांसमोर लिहून ठेवते.