खांदे दिसतील एवढा पडदा

त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की समोरून येणारी उसाची ट्रॉली आधी ऐकू यायची, मग दिसायची. अशा हवेत आम्ही तिघं कॉम्प्युटर बघायला निघालो. मी, आमची हिरा आणि शेजारचा बबनतात्या, गाडी त्याचीच. कॉम्प्युटर घरी पोचायच्या आधीच त्याचे किस्से इतके साठले, की म्हटलं सांगून मोकळं व्हावं.

कारण साधं. लेक लता परदेशात नर्स आहे. तिचा व्हिडिओ कॉल रोज सांजच्याला तात्याच्या मोबाईलवर यायचा. तात्या एकटा माणूस, चहा टाकूनच आमची वाट बघायचा. पण हिराची नजर अधू. एकदा म्हणाली, "लेक हरभऱ्याएवढी दिसती. मला ती मोठी बघायचीय, आन् माझ्या हातानं बोलवायचीय."

"कशाला वहिनी? माझा फोन हाय की!" तात्या म्हणाला.

*

इंदापूरच्या दुकानदारानं हिरापुढं कीबोर्ड ठेवला. शाळा आम्हा दोघांनाही लाभली नाही. मी निदान बोट ठेवून अक्षर लावतो, तिला तेही नाही. तिनं तो उलटासुलटा करून बघितला.

"एवढी बटनं? आमची लेक एकच हाय!"

तात्या खूश. "चला, माघारी!"

*

माघारी कसले! बारामती गाठली. दुकानातली ताई म्हणाली, "आजी, हा टचस्क्रीन. बटणं नकोत, नुसतं बोट लावायचं. वेगळा डबाही नाही, सगळं ह्याच्यातच."

तात्याला संशय आला. मला म्हणाला, "आबा, मागनं न बघता कधी बैल घेतलाय का?"

झालं! आम्ही दोघं वाकून मागची बाजू निरखत बसलो.

"आजोबा, तोंड इकडं आहे!"

*

मग मी बोट लावलं. ढिम्म! दुसरं लावलं, तरी तेच. खोऱ्या-कुदळीनं घट्टे पडलेली बोटं ती.

"बघा, त्यो तुमास्नी वळखत न्हाय!" तात्या हसला.

माझाही धीर सुटला. हिरानं पदराला बोट पुसलं, हळूच टेकवलं. पडदा उघडला!

"भाकरी थापायचं बोट हाय हे, तात्या!"

*

आता लहान घ्यायचा की मोठा? तात्या लहानावर अडून बसला. हिरानं वितीनं दोन्ही मापले.

"ल्हानात नुसतं तोंड मावतंय. मोठ्यात खांदेबी येतात. लेक वाळलीया का, ते खांद्यावर कळतं."

मोठा घेतला.

*

घरी पूजा मांडली. नव्या ट्रॅक्टरला घालतात तसा झेंडूचा हार तात्यानं आणला आणि बंद पडद्यावर घातला. ताईनं आत लताचा फोटो बसवून दिला होता, त्याला बोट लावलं की फोन. मी चालू करायचं बटण दाबलं. लता उजळली. हिरानं बोटावर कुंकू घेतलं आणि लेकीच्या कपाळाला टेकवलं.

फोन लागला! हाराच्या मधोमध लता आली. कॅमेऱ्यापुढं झेंडू लोंबताना बघून ओरडली, "आई, आधी हार काढ! मी जित्ती हाय!"

हसून हसून पुरेवाट. हिरानं हार काढला आणि खांदे बघत राहिली. "वाळली न्हाय," हळूच म्हणाली.

तात्या उंबऱ्यातच उभा होता. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. त्यानं तो वाजू दिला आणि म्हणाला, "वहिनी, माझा फोन बिघडलाय. उद्यापास्नं सांजच्याला चहाला मीच हितं येत जाईन."