खूण न केलेली जागा

सीलकोटचा काळा संरक्षक थर मारण्याआधी डांबरी जमीन तपासायची, हे आमच्या काकांचं काम. भेग दिसली की खडूची रेघ, टाचेखाली जमीन दबली की चौकोन, तेल सांडलेलं असलं की गोल. गोलातली जागा तारेच्या ब्रशने घासून, धुऊन वर प्रायमर लावायचा. नाहीतर वरचा काळा थर तिथे धरतच नाही. धुळीखालचं जुनं तेल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून काका गुडघ्यांवर बसून वास घेत. सगळे त्यांना 'नाकवाले काका' म्हणत आणि त्यांना ते भारी आवडे. नाकावर माशी बसू देतील तर शपथ!

मग ते महिनाभर तापाने आजारी पडले. उठले, पण वास गेला तो गेलाच. मला कळलं, कारण दूध करपून पातेलं काळं झालं आणि काका शेजारीच पेपर वाचत बसले होते. "कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले. मी त्याच कंपनीत टेम्पो चालवते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मीही गप्प बसले. पाणी शिंपडलं तरी तेल कळतं, तिथे थेंब मुरत नाहीत. मी तसं सुचवलं, तर म्हणाले, "ते नवख्यांचं काम."

दवाखान्याच्या पार्किंगमध्ये ते नेहमीसारखे सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसले, हुंगल्यासारखं केलं आणि डोळ्यांना दिसले तेवढे तीन गोल काढले. मला तिथेच लाज वाटली होती. पण वाटून काय उपयोग?

तीन आठवड्यांत रुग्णवाहिका उभी राहते त्या कोपऱ्यात काळे पापुद्रे सुटले. आमच्या कंपनीचे मालक आले ते ओरडतच.

"कुणी घासलंय हे?"

घासायचं काम मावशीचं, कामावर सगळे तिला मावशीच म्हणत. नऊ वर्षं ती काकांच्या खुणांमागून ब्रश घेऊन फिरत होती. काकांनी मान वर केली नाही. "घासण्यात कसर राहिली असेल," ते म्हणाले. मावशीला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. मी टेम्पोचं दार धरून मूग गिळून उभी होते. आजही ते आठवलं की स्वतःचा संताप येतो.

चार दिवस काका धड जेवले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी मालकांना सगळं सांगितलं. मालक म्हणाले, "तिला परत बोलवा. तपासणी मात्र आता दुसरं कुणीतरी करेल." काकांनी मान डोलावली आणि आम्ही दोघं थेट मावशीकडे गेलो.

एकच खोली. दोरीवर धुतलेले कपडे. घरातली एकुलती एक खुर्ची तिने काकांना दिली. काका बसले नाहीत.

"चूक माझी होती. मला आता वास येत नाही. तू उद्यापासून कामावर ये."

मावशी हातातल्या टॉवेलची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "मला आला होता, काका. त्या कोपऱ्यात डिझेलचा. पण तुमची खूण नव्हती. म्हटलं, माझंच नाक चुकत असेल."

"मग मालकांसमोर बोलली का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, घासण्यात कसर राहिली," ती म्हणाली. "मला वाटलं, राहिली असेल."