बॅटरी वाढली

आमच्या दाजींइतका भित्रा माणूस अख्ख्या सोलापुरात शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर दाजींना बघून तोही धीट होईल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. कचेरीतल्या कारकुनीतून निवृत्त झालेले, राहायला शुक्रवार पेठेत. पंख्याच्या बरोबर खाली ते कधी बसत नाहीत. पंख्यानं आजवर कुणाचं काय वाकडं केलंय म्हणून विचारलं, तर म्हणतात, "मग सुरुवात माझ्यापासून कशाला?" एसटीत ड्रायव्हरच्या मागची जागा धरतात आणि उतरेपर्यंत त्याला बोलतं ठेवतात, का तर त्याचा डोळा लागू नये. कुकर लावला की स्वयंपाकघराबाहेर उभे राहून दर शिट्टीला विचारतात, "अगं, आहेस ना?" आणि आतून अक्का म्हणते, "हाय की, कुठं जातीय?"

पण खरी भीती शब्दांची. 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणायचं, हे आपण सगळेच पाळतो. बांगडी फुटली तरी वाढली म्हणतो. दाजींनी हा नियम घरातल्या यच्चयावत वस्तूंना लावला. त्यांच्याकडं साखर वाढते, गॅस वाढतो, मोबाइलचं चार्जिंगसुद्धा वाढतं. नव्या माणसाला वाटावं, घरात नुसती भरभराट चाललीय. मी मेहुणी, तोंडाची फटकळ, पण त्या घरात शिरल्यावर माझीही जीभ गुमान वळायची.

अशात अक्काचं दुखणं निघालं. झोपेत तिचा श्वास मध्येच थांबतो. डॉक्टरांनी मास्क लावून झोपायचं यंत्र दिलं, ते विजेवर चालतं. त्या दिवसापासून दाजींच्या इकडच्या तिकडच्या सगळ्या भीत्या एका जागी गोळा झाल्या. अक्कानं घराबाहेर झोपणं सोडलं. पुतणीच्या लग्नातसुद्धा संध्याकाळी परत. तिची एकच इच्छा राहिली होती. मंगळवेढ्याकडं आमच्या वडिलांच्या शेतात, हुरड्याच्या दिवसांत एक रात्र झोपायचं. शेतातल्या विजेचा काही नेम नाही. पण तिला नाही म्हणायलाही दाजी घाबरले. म्हणून त्यांनी शाळेची जुनी मिनीबस घेतली, बाकडी काढून आत पलंग आणि ओटा केला, टपावर सोलरची पाटी बसवली आणि फिरतं घर तयार केलं. अडलं ते बॅटरीपाशी.

बॅटरीच्या दुकानातल्या चाचांना दाजींनी महिनाभर पिडलं. पाणी घालायची बॅटरी दाखवली, तर ती गॅस सोडते. बंद गाडीत अक्का झोपणार, नको. लिथियमची दाखवली, तर आपल्या मे महिन्याच्या उन्हात ती पेटली म्हणजे? जेलची दाखवली, तर ती इतकी जड का आहे, आत काय लपवलंय? शेवटी भिऊन भिऊन त्यांनी ओळखीची, ट्रकची बॅटरी घेतली. एवढा ट्रक जिच्यावर चालू होतो, तिच्यावर एवढंसं यंत्र चालायचं नाही का? चाचा म्हणाले, "साब, ये धक्का मारने की बॅटरी है, रात काटने की नई." पण दाजींना 'धक्का' या शब्दाचाच इतका धक्का बसला, की पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. आणि घरी आणल्यावर खात्री म्हणून ते रोज पंखा लावून ती पार रिकामी करत, पुन्हा भरत. असं रिकामं होणं ट्रकच्या बॅटरीला सोसत नाही, तिचा जीव त्यांनीच काढला.

मग एका दुपारी रंगीत तालीम ठरली. गाडी दारातच सावलीत उभी, अक्का आत यंत्र लावून झोपलेली. बॅटरीचा मीटर बघायला मी आत, आणि दाजी समोरच्या कट्ट्यावर, कारण त्यांना बघवेना. मीटरचा आकडा उतरायला लागला तो थांबेना. मी खिडकीतून सांगितलं, "दाजी, वाढत आलीय." ते हसले. मला वाटलं, धीर आणून हसताहेत. थोड्या वेळात यंत्राची घरघर बंद पडली. मी ओरडले, "दाजी, वाढली!"

"वाढली? भले!" म्हणाले आणि सोलरच्या पाटीकडं कौतुकानं बघत बसले.

मी अक्काचा मास्क ओढून काढला. ती घोरली आणि मग घोरणं थांबलं. छाती हलेना.  मी तिला गदागदा हलवलं, तशी मोठा श्वास घेऊन उठली आणि म्हणाली, "चहा झाला का?" तोवर दाजी दारात आले होते. माझ्या हातातला मास्क बघून पायरीवरच बसले.

"संपली म्हणायचं होतंस की गं," ते म्हणाले. तो शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

"तुमच्याच घरात शिकले," मी म्हणाले, पण मलाही रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जेलच्याच दोन बॅटऱ्या आणल्या, एक चालवायला आणि एक अडल्या वेळेला. चाचांनी सांगितलं, की या सावकाश रिकाम्या होण्यासाठीच केलेल्या असतात. वजनानं मिनीबस एका अंगाला कलली, म्हणून अक्काला दुसऱ्या अंगाला बसवून आम्ही हुरड्याला निघालो.

मी गावात चुलतभावाकडं झोपले. सकाळी शेतात आले, तर गाडीचं दार बंद. कणसांवर पाखरं ओरडत होती, आत हालचाल नाही. मी दोनदा गाडीभोवती फिरले. शेवटी दार वाजवलं. अक्कानं उघडलं. चेहरा ताजा, केस मोकळे. मीटरवर निम्म्याहून जास्त शिल्लक होतं. आणि दाजी पलंगाशी खाली बसलेले, डोळे लालभडक.

"रात्रभर असेच बसलेत," अक्का म्हणाली, "माझ्या मनगटावर बोटं ठेवून. मग एवढ्या बॅटऱ्या आणल्या कशाला?"

दाजी म्हणाले, "बॅटरीला काय ठाऊक, कुणाला सांभाळायचंय ते."

  अक्कानं पलंगावरची चादर झटकून नीट घातली, दाजींना दंडाला धरून उठवलं आणि म्हणाली, "झोपा आता तुम्ही. मी आहे जागी."