लातूर रसदेबाहेर

व्याह्यांच्या टेबलावर पसरलेला तो कागद पाहिला तेव्हा मला वाटलं, न्हाणीघराच्या फरशीचा नमुना मागवलाय. सहा कोनांची शेकडो घरं, मधाच्या पोळ्यासारखी एकाला एक चिकटलेली. नीट पाहिलं तर एका घरात इंग्रजीत उदगीर लिहिलेलं आणि पार दुसऱ्या टोकाला औसा. त्या रस्त्यावर माझी निम्मी जिंदगी गेली. आता तो रस्ता परदेशातून लढाईच्या खेळाच्या डब्यात भरून नांदेडला आला होता.

मी लातूरहून गेलो होतो ते एकाच कामासाठी. लेकीला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. तिला कधी न्यायचं ते ठरवायचं होतं. व्याही म्हणाले, "ते बोलू हो. आधी एक डाव होऊन जाऊ द्या."

व्याही म्हणजे इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. सोयरिकीच्या बैठकीत मी मानपानावरून जरा ताणून धरलं, तर चार पाहुण्यांदेखत म्हणाले होते, "हा काय मोंढा आहे?" मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पाठीवर पोती वाहून मी स्वतःची आडत उभी केली. मोंढा हा शब्द कुणी शिवीसारखा वापरला की माझं डोकं फिरतं. त्या दिवशी लेकीकडं बघून मानपान सोडून दिला. विसरलो मात्र नाही.

पहिला हुकूम सुटला, "पंखा बंद करा, सैन्य उडेल." नांदेडचा एप्रिल, आणि पंखा बंद! सैन्य म्हणजे नखाएवढे पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे. ते हातानं उचलायचे नाहीत. व्याही भुवईचा केस काढायच्या चिमट्यानं निजामाचे हत्ती उचलून ठेवत होते. उदगीरची ती जुनी लढाई, मराठे आणि निजाम. मराठे मला दिले. नियमांचं पुस्तक एवढं जाड की खऱ्या लढाईत कुणी ते वाचत बसला असता तर दोन्ही फौजा म्हातारपणानं मेल्या असत्या.

प्रत्येक तुकड्यावर ताकदीचा आकडा होता. माझ्या घोडदळाची बेरीज अकरा, समोर निजामाचे सहा. मी म्हणालो, "जवळजवळ दुप्पट झालो की आपण."

"एकास एक," व्याही म्हणाले.

"आं? अकराला सहा एकास एक?"

"अपूर्णांक सोडून द्यायचा. बचाव करणाऱ्याच्या बाजूनं. आठव्या पानावर आहे."

"म्हंजे कडता कापला म्हणा की!"

व्याह्यांना कडता माहीत नव्हता. शेतकऱ्यानं पोतं काट्यावर ठेवलं की व्यापारी वजनातून थोडं उगाच कापून घेतो, तो कडता. तो कापू नये म्हणून मी हमाल असताना भांडलो आणि मार खाल्ला. आडत्या झाल्यावर तो माझ्या काट्यावर बंद केला. आणि हे विद्वान घरबसल्या पाच माणसांचा कडता कापत होते, तोही छापील नियमानं.

पण कडता कळला की काटा कळतो. मी नकाशावर नजर फिरवली, एका कोपऱ्यात एकाच आकड्याचा फालतू तुकडा पडला होता, तो चिमटा न वापरता सरळ बोटानं ढकलत आणला. बारा झाले. बाराला सहा, दोनास एक. फासा टाकला आणि निजामाचे हत्ती डब्यात गेले. पुढच्या तीन चाली मी असंच मारत सुटलो. व्याह्यांचा चष्मा घामानं घसरत होता. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

मग ते थांबले, चिमट्यानं घरं मोजली आणि हसले. "तुमची रसद तुटली. तुम्ही फार पुढं आलात. रसदेबाहेरचं सैन्य अर्धं धरायचं."

"बरं. अर्धं तर अर्धं. आता लेकीचं बोला."

"तेच सांगतोय," व्याही नकाशावरून मान न उचलता म्हणाले. "लातूरला नळ दहा दहा दिवस येत नाही. उन्हाळ्यात बाळंतीण, तान्हं लेकरू. लातूर रसदेबाहेर आहे, व्याही."

"माझी थट्टा करायलात का?" मी टेबलावर हात आपटला. सगळे तुकडे उडाले. औशाकडं निघालेला निजाम लाडवाच्या ताटलीत पडला.

"अहो, अहो! तीन तासांची मांडणी होती!"

"असू द्या. उदगीरला शेवटी काय झालं, सांगा. तुम्ही प्राध्यापक हाव ना?"

"तह झाला."

"मग ह्या पुस्तकात तह कुठल्या पानावर हाय? दाखवा."

व्याह्यांनी पुस्तक उघडलं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं, सूची पाहिली. रात्रीची चाल होती, चिखल होता, हत्ती बिथरण्याचं वेगळं कोष्टक होतं. दोन माणसांनी समोरासमोर बसून बोलायचं कुठंच नव्हतं. त्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

मी खुर्ची पुढं ओढली. "लेक आजच नेतो. सहा महिने ठेवतो."

"छे! नवव्यात न्या. बारसं झालं की परत."

"चार महिने. बारसं लातूरला."

"बारसं इथंच!" व्याही आता उभे होते. "आणि पाण्याची सोय मी स्वतः बघणार. त्याशिवाय नाही."

आतून लेक म्हणाली, "बाबा, मामंजी, दोघांचं झालं असलं तर पंखा लावा. मला गरगरायलंय." आम्ही दोघंही एकदम बटणाकडं धावलो. ती बाहेर आली, खाली पडलेल्या पलटणी पाहिल्या आणि म्हणाली, "आठवा लागला की जाते. बारसं इथं. आता जेवा."

पुढच्या रविवारी व्याही लातूरला आले. त्या वयात लोखंडी शिडीनं गच्चीवर चढले, टाकीचं झाकण उचलून आत डोकावले, टिचकी मारून पाहिली. म्हणाले, "एक पुरणार नाही. दुसरी बसवा, मगच सून पाठवतो." मी कपाळाला हात लावला, महागाईच्या नावानं रडलो, अर्धा तास नाही म्हणालो आणि शेवटी मोठ्या कष्टानं हो म्हणालो. ते खूश होऊन खाली उतरले.

दुसरी टाकी बसली, आठवा लागताच लेक घरी आली. ती टाकी मी ते यायच्या आधीच दुकानात सांगून ठेवली होती, हे व्याह्यांना अजून माहीत नाही.